पॉडमध्ये पान कुणी भरलं?

१

"आधी वास घे, मग नाव वाच. नाव आधी वाचलंस की नाक खोटं बोलायला लागतं."

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझे पहिले साहेब, लिमये सर, हे रोज सांगायचे. बाटलीवरची चिठ्ठी हाताने झाकून बाटली आम्हा नव्या पोरींच्या नाकाखाली धरायचे. त्या सोमवारी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या ऑफिसात शिल्पाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मला सरांचा आवाज ऐकू आला. कारण शिल्पाने मला आधी नावच वाचायला लावलं होतं.

नाव कमलाकर काकांचं होतं.

"सात नंबरचं किट," शिल्पा म्हणाली. "बघ तुझे साधेभोळे काका. पॉड उचकटलाय, आत पान फ्लेवरचं कसलं तरी स्वस्त लिक्विड भरलंय, आणि वर 'हात भाजला' म्हणून आपल्याकडे तक्रार. पानाशिवाय चैन पडत नाही ना या लोकांना!"

"या लोकांना म्हणजे? तू कुठली गं, स्वीडनची?"

"मालविका, प्लीज. सकाळी सकाळी नको."

शिल्पाने काढलेला आमचा हा व्याप लहान आहे. एखादी वस्तू दुकानात जाण्याआधी ती तपासून, माणसांना वापरायला देऊन मत द्यायचं. आजवर किटल्या झाल्या, इस्त्र्या झाल्या. यंदा पहिल्यांदाच व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आलं. एकदा ओढून फेकायच्या व्हेप्सवर इथे बंदी आल्यापासून सगळ्या कंपन्या चार्ज करता येणारी किट आणतायत. पेनाएवढी बॅटरी, तिच्यावर निकोटीनच्या द्रवाने आधीच भरलेली कुपी, म्हणजे पॉड, चुटकन बसवायची. संपला की पॉड बदलायचा, बॅटरी तीच ठेवायची. पॉड सीलबंद असतो, ओढणाऱ्याने तो उघडायचाच नसतो. आमच्याकडे आलेलं किट अजून बाजारात नव्हतं. आधीपासून सिगारेट किंवा व्हेप ओढणाऱ्या मोठ्या माणसांचं एक पॅनेल मी जमवलं होतं. ते घरी वापरून मला सांगणार, की झुरका कसा येतो, घशाला कसं वाटतं, गळतं का, चार्ज होताना तापतं का. मी स्वतः ओढत नाही. माझं काम ऐकायचं आणि पारखायचं.

कमलाकर काकांनी सांगितलं होतं की किट चार्जिंगला असताना फुस्स आवाज झाला, आणि काढायला गेले तेव्हा उजव्या हाताची बोटं भाजली. जवळच्याच पिनर उपनगरात शनिवारी ते मुलांना हार्मोनियम शिकवतात. त्याच हाताची बोटं.

"शुक्रवारी अहवाल जायचाय," शिल्पा म्हणाली. "सात नंबर बाद. कारण, वापरणाऱ्याने छेडछाड केली. बाकीच्यांचं छान आहे, आपण शिफारस देतोय. काकांना ईमेल मी शुक्रवारीच पाठवलाय, फोटोसकट."

"मला न विचारता? पॅनेल माझं आहे."

"तू त्यांना पाठीशी घातलं असतंस."

आवाज चढवायचा नाही, हा माझा नेम आहे. सकाळी दिव्यापुढे मी तो रोज नव्याने घेते, कारण रोज तो मोडायची वेळ येते. त्या सोमवारी तर उपासही होता, आणि रिकाम्या पोटी राग लवकर चढतो. मी टेबलाची कड धरली आणि हळूच म्हटलं, "एका माणसाला आपण लेखी खोटारडा म्हणतोय, शिल्पा. शुक्रवारपर्यंत मला चौकशी करू दे."

"कर. पुरावा पिशवीत बंद आहे. तो काही बदलणार नाही."

२

पिनरला दार वैभवीने उघडलं. काकांची ही मुलगी इथेच जन्मलेली, इथल्याच एका शाळेत शिकवते. चेहऱ्यावरून कळलं की ईमेल तिनेही वाचलाय.

"मावशी, या. बाबा आत आहे. बोलत नाहीये माझ्याशी."

"मी बोलत नाही? तू बोलत नाहीस!" आतून काकांचा आवाज आला. "मालविकाताई, या, बसा. चहा घेणार ना? आज सोमवार, तुमचा उपास असेल. मग दूध घ्या."

हाताला पट्टी, शेजारी झाकलेली हार्मोनियम. काकांनी डाव्या हाताने खुर्ची ओढून दिली.

"काका, सरळ विचारते. पॉड उघडला होता का?"

"अहो, मला जॅमची बाटली उघडता येत नाही धड! आणि पान? माझे वडील पानतंबाखूने तोंडाच्या कॅन्सरने गेले. पानाचा नुसता वास आला तरी मला ते हॉस्पिटल आठवतं. मी सिगारेट ओढली, चाळीस वर्षं ओढली, नाही म्हणत नाही. पण पान? आयुष्यात नाही."

वैभवी दारात हाताची घडी घालून उभी होती. "मावशी, पण बाबा मला आधी खोटं बोललाय. सिगारेट सोडली म्हणाला, आणि शेडमध्ये ओढत होता. आता मी ती फोटो बघितली. कशी विश्वास ठेवू? माझी सान्वी रोज शाळेनंतर इथे येते. सहा वर्षांची आहे. घरात आजोबा batteries आणि liquids बरोबर खेळतोय, तर मी तिला इथे नाही ठेवणार. I'm sorry, but no. पुढच्या आठवड्यापासून ती after-school club मध्ये."

"ऐकलंत?" काका म्हणाले. "शेडमधलं खरं आहे. पण हे किट आल्यापासून मी एक सिगारेट पेटवली नाही. तिला वाटतं हेही तसलंच. मला तुमचं सर्टिफिकेट नको, नुकसानभरपाई नको. ती पोरगी साडेतीनला आली की बॅग फेकून आधी हार्मोनियमचा भाता हलवते. तेवढं राहू द्या."

माझ्या अंगाची आग झाली. एका ईमेलने एका आजोबाचं घर रिकामं करायचं, आणि तेही मला न विचारता!

"तो फोटो दाखवा मला," मी म्हटलं.

वैभवीने फोन पुढे केला. राखाडी किट, सातचं स्टिकर, पॉड बसतो त्या टोकाला काळं पडलेलं. काकांनी चष्मा लावला. ईमेल त्यांना वैभवीने वाचून दाखवला होता. रागाने त्यांनी फोटो पाहिलाच नव्हता. आता पाहिला, पुन्हा पाहिला, आणि चष्मा काढला.

"ताई, माझं खालून फुगलं होतं. जिथे वायर लागते तिथे. टेबलावर उभं राहीना, इतकं." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "हे वरून जळलंय. हे माझं नाहीच."

३

माणूस अडचणीत आला की 'हे माझं नाही' म्हणतोच. म्हणून मी लगेच विश्वास ठेवला नाही. पण अविश्वासही ठेवला नाही.

पुष्कर आमचा इंजिनीअर, नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला. मंगळवारी दुपारी तो टेबलावरच डबा खात होता. ठेचा नुसता चमच्याने खात होता आणि डोळ्यांत टिपूसही नाही.

"अरे, काय हे! पोट जळेल."

"ताई, काही कळतच नाहीये. दोन आठवडे झाले, नाक बंद, तोंडाला चव नाही. आईने सांगितलं ठेचा खा, उघडेल. काही उघडलं नाही." त्याने सुर्र करून नाक ओढलं. "तुम्ही सात नंबरबद्दल आलात ना?"

"सांग मला. पहिल्यापासून."

"काकांनी मंगळवारी किट आणून दियाला दिलं. तिने पिशवीत घालून लॅबच्या कपाटात ठेवलं. माझ्याकडे यायला गुरुवार उजाडला. पॉड काढला, कडेला स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे. आतलं लिक्विड तांबूस. कंपनीचं पाण्यासारखं असतं. मी थोडं केंब्रिजच्या लॅबला पाठवलं, काय आहे ते तेच सांगतील, अजून रिझल्ट नाही. बाकी पिशवीत घालून लगेच सील केलं. वरच्या टोकाचा जाळ लिक्विडमुळे असू शकतो, एवढंच मी लिहिलं."

"बॅटरी खालून फुगली होती?"

"नाही. सपाट." त्याने चमचा खाली ठेवला. "ताई, माझ्यावर संशय आहे का? माझा व्हिसा या नोकरीवर आहे हो."

"सगळ्यांवर आहे. माझ्यावरही घे तू. कपाटाची किल्ली कुठे असते?"

"किचनमधल्या खिळ्याला. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे."

तेवढ्यात पुढच्या खोलीतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. अनुप आला होता, किट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. पिनरमध्येच वाढलेला, महागडा कोट, हातात मिठाईचा डबा. बाहेरच्यांना लॅबच्या दाराआत सोडत नाहीत, दाराला कार्ड लागतं. त्यामुळे तो नेहमी बैठकीच्या खोलीत बसतो.

"मालविका काकू! कशा आहात? दिवाळी जवळ आली, म्हटलं परत काजू कतली आणू. गेल्या बुधवारी आणलेली शिल्पाला फार आवडली होती."

"बुधवारी आला होतास?"

"Just for a chat. बाय द वे, त्या अंकलचं ऐकलं. Sad. पण काकू, सीलबंद पॉड उघडला तर आम्ही काय करणार? User error." तो हसला. "आणि खरं सांगू का, राग मानू नका. तुम्ही आयुष्यात एक पफ मारलेला नाही. देवाचं करणाऱ्या बाईने व्हेपचं इव्हॅल्युएशन करायचं म्हणजे... you know."

"मी इस्त्रीलाही चटका लावून घेत नाही, तरी इस्त्री तापली की मला कळते," मी म्हटलं.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे शिल्पाच्या केबिनकडे गेले.

मी पाणी प्यायला किचनमध्ये गेले. तिथे सिंकपाशी दिया उभी होती, आमची रिसेप्शनवरची, इथेच जन्मलेली. नळ सोडून रडत होती, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

"मावशी," ती हुंदका देत म्हणाली, "ते किट जळलं, ते माझ्यामुळे. मी त्याला... मी त्याला हळद लावली होती."

४

नळ मी बंद केला. स्टुलावर तिला बसवलं.

"हळू सांग. कसली हळद?"

"दसऱ्याला. तुम्ही मला सांगितलं होतं ना, आपण दसऱ्याला कामाची वस्तू असते त्याची पूजा करतो, हळदकुंकू लावतो. तुम्ही त्या दिवशी सुट्टीवर होते. मग मी केली."

मी सांगितलं होतं खरं. आमच्या घरी दसऱ्याला शिवणयंत्र, कात्री, गाडी, सगळ्यांना बोट टेकतात. हल्ली लॅपटॉपलाही. तिने डोळे मोठे करून ऐकलं होतं. पण आपण तराजूला एक बोट लावतो, दुकानातल्या मालाला नाही, हे मी सांगायचं राहिलं. इथे वाढलेल्या पोरीला ते कसं कळणार?

"तू किट्सना लावलीस?"

"सगळ्यांना! प्रत्येकाला, खाली, दोन dots. हळद पाण्यात mix करून. मला वाटलं चांगली होईल ना टेस्ट. मग शिल्पा आली आणि इतकी ओरडली! They're samples, you silly girl. मग तिने मला सगळी पुसायला लावली. त्या अल्कोहोल वाइप्सने. पूर्ण दुपार मी पुसत होते. आणि म्हणाली, मालविकाला सांगू नको, ती उगीच तुझी बाजू घेईल." ती पुन्हा रडायला लागली. "वायरच्या होलमध्ये हळद गेली असेल आणि शॉर्ट झाली असेल. काकांचा हात माझ्यामुळे जळला."

"वेडी आहेस का गं?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बोटभर हळदीने बॅटरी फुगत नाही."

"नक्की?"

"नक्की. उलट, दिया, नीट आठव. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना? एकही सुटलं नाही?"

"एकही नाही. मी मोजून केली, म्हणजे कोणाला वाईट वाटू नये."

किट्सना वाईट वाटू नये म्हणून! मला हसू आलं, आणि त्याच क्षणी एक गोष्ट लक्षातही आली.

हळद अल्कोहोलने जात नाही. कापडावर पडलेली हळद ज्या बाईने स्पिरिटने घासून पाहिली असेल, तिला हे माहीत असतं. अल्कोहोलमध्ये ती विरघळते आणि आणखी खोल जाते. या किटचं बूड मऊ रबराचं होतं. राखाडी रबरावर उघड्या डोळ्यांना काही दिसणार नाही. पण हळद एका उजेडात लपत नाही. गळती शोधायला आम्ही जांभळट प्रकाशाचा एक दिवा वापरतो. त्याच्याखाली हळद पिवळी-हिरवी चमकते.

"उठ," मी म्हटलं. "तोंड धू आणि लॅबचे पडदे ओढ."

५

पॅनेलच्या सगळ्या लोकांना मी फोन करून किट्स तपासणीला परत मागवली. बुधवार संध्याकाळपर्यंत ती सगळी आली. गुरुवारी सकाळी पुष्कर, दिया आणि मी पडदे ओढलेल्या लॅबमध्ये उभे राहिलो. दिवा लावला.

पहिलं किट उलटं केलं. बुडाशी दोन धूसर ठिपके, काजव्यासारखे. दुसरं किट, तसंच. तिसऱ्याचे ठिपके पुसताना फराटे ओढल्यासारखे पसरले होते. कपाटातली न वाटलेली किट्सही तशीच.

"ओ माय गॉड," दिया कुजबुजली. "माझी पूजा."

"आता सात नंबर," मी म्हटलं.

पुष्करने पारदर्शक सीलबंद पिशवीतल्या किटचं बूड दिव्याखाली धरलं. काळोख. आम्ही किट वळवलं, तिरकं केलं, दिवा जवळ आणला. काही नाही.

"जाळाने उडाली असेल?" पुष्कर म्हणाला.

"जाळ वरच्या टोकाला आहे. बूड कोरं आहे."

म्हणजे काका खरं बोलत होते. दसऱ्याला आमच्या लॅबमध्ये असलेलं हे किट नव्हतं. ते नंतर आलं, आणि काकांच्या किटवरचं सातचं स्टिकर काढून त्याला चिकटवलं गेलं. बाजारात हे किट मिळत नाही, त्यामुळे काकांनी दुसरं आणलं असेल हेही शक्य नाही. नवीन किट एकाच ठिकाणाहून येऊ शकतं, कंपनीकडून. आणि कंपनीचा माणूस बुधवारी येऊन गेला होता, पुष्करने पिशवी उघडायच्या आदल्या दिवशी.

"म्हणजे अनुप!" दिया म्हणाली.

"त्याने आणलं असेल. पण कपाटापर्यंत तो जाऊ शकत नाही. आत ठेवणारा हात आपल्यातला आहे."

पुष्करचा चेहरा उतरला.

"तू नाहीस," मी त्याला म्हटलं. "तपासणारा तू. तुला खोटंच करायचं असतं तर किट बदलायची गरज काय? काकांच्याच किटवर ओरखडे मारून हवं ते लिहिलं असतंस. किट त्यानेच बदललं, ज्याला तुझ्या प्रामाणिक तपासणीतून ते पार करायचं होतं. आणि दिया, तू असतीस तर हळदीचं सांगून दिवा माझ्या हातात दिला नसतास."

"मग उरलं कोण?" दियाने विचारलं, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मला अजून मान्य करायचं नव्हतं. वीस वर्षांची मैत्रीण आहे. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवस माझ्या घरी राहून तिने माझ्या देवांचीही पूजा केली होती. मी कात्री मागितली.

"सील तोडताय?" पुष्कर म्हणाला.

"तुम्हा दोघांसमोर. मी याचा वास घेतलेलाच नाही."

पिशवी उघडली. गुलकंद, बडीशेप, कात. डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"पुष्कर, कसला वास येतोय?"

त्याने नाक पुढे केलं, जोराने ओढलं, मान हलवली. "काहीच नाही, ताई. कसला आहे?"

"पानाचा."

"अच्छा? मग रिपोर्टमध्ये घालायला पाहिजे होतं. मी फक्त 'तांबूस द्रव, ओळख बाकी' लिहिलंय."

तो हे सहज बोलून गेला आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. केंब्रिजचा रिझल्ट आलेला नाही. पुष्करला वास येत नाही. पिशवी गेल्या गुरुवारपासून सीलबंद. आणि शिल्पा मला सोमवारी सकाळी म्हणाली होती, पान फ्लेवर.

आत काय आहे हे फक्त भरणाऱ्यालाच माहीत होतं.

६

तिच्या केबिनचं दार मी लावून घेतलं. टेबलावर काजू कतलीचा डबा उघडा होता.

"शिल्पा, पॉडमध्ये पान आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"पुष्करने. रिपोर्टमध्ये आहे."

"नाही आहे. आणि त्याला वासच येत नाही."

"मग अनुपने सांगितलं असेल."

"न उघडलेल्या पिशवीतलं त्याला कसं कळलं?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मी तिला हळदीचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं. दिव्याचं ऐकताना तिने डोळे मिटले. इंजिनीअर बाई आहे, पुढचं मला समजवावं लागलं नाही.

"मीच पुसायला लावली होती," ती म्हणाली.

"म्हणूनच तुला वाटलं, गेली."

"तुला काय माहितेय गं?" तिचा आवाज एकदम फाटला. "शिफारस मिळाली तर वर्षभराचं काम देतो म्हणाला. नाहीतर जानेवारीत हे ऑफिस बंद. परदेशी माणूस ठेवायचं लायसन्स माझं आहे, पुष्करचा व्हिसा त्याच्यावर आहे! दियाला कोण ठेवणार? अनुप म्हणाला, एकच पीस खराब निघालाय, शंभरात एक. एका माणसाची दोन बोटं. मी सगळ्यांचा विचार केला."

"पुष्करच्या मागे लपू नकोस." माझा आवाज चढला. हो, चढला. नेम मोडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. "शंभरात एक! ती शंभर माणसं कोण आहेत? सिगारेट सुटावी म्हणून धडपडणारी. उशाशी चार्जिंगला लावून झोपणारी. त्यांनी आपलं नाव वाचून ते विकत घ्यायचं? आपण काय तपासतो गं इथे? डबे?"

तिने मिठाईच्या डब्याचं झाकण लावलं.

"किट अनुपने आणलं, जळकं, मिठाईच्या डब्यातून. बरोबर? आणि पान? ती कुणाची कल्पना?"

बाहेर दियाचा फोन वाजून थांबला.

"माझी," शिल्पा म्हणाली. "हाय स्ट्रीटवरच्या दुकानात रिफिलची बाटली होती. मला वाटलं, त्या वयाचा माणूस, हार्मोनियमवाला... पान खातच असेल. कुणीही विश्वास ठेवेल."

"त्यांचे वडील पानानेच गेले. त्यांना तो वास सहन होत नाही."

तिने मान खाली घातली. त्या अहवालात, त्या खोट्या स्टिकरमध्ये जेवढं नव्हतं, तेवढं पाप मला त्या एका बाटलीत दिसत होतं. आपल्याच माणसाकडे बघून आपणच ठरवायचं की हा असलाच असणार, आणि मग जगानेही तसंच म्हणावं अशी सोय करून द्यायची!

"काकांचं खरं किट कुठे आहे?" मी विचारलं. "कचऱ्यात टाकलं असं सांगू नकोस. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत पेटते, हे तूच प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतेस. तुझ्याने ते झालं नसेल."

ती उठली. माझ्याकडे न बघता स्टोअररूमपर्यंत चालत गेली, खराब बॅटऱ्यांसाठी ठेवलेल्या वाळूच्या लाल डब्याचं झाकण काढलं आणि आत हात घालून चाचपलं. वाळू झटकून तिने किट पुष्करच्या पुढे ठेवलं. बूड इतकं फुगलेलं की ते एका कुशीवर कललं. दियाने दिवा लावला. दोन ठिपके, ताणून लांबट झालेले.

पुष्करने वायरच्या भोकापाशी भिंग धरलं. "चार्जिंग थांबवणारा भागच वितळलाय. काकांनी काहीच केलेलं नाही. हे कुणाच्याही हातात झालं असतं."

मी अहवाल लिहायला घेतला. चव बरी, झुरका सहज, पॉड गळत नाही, हे जे खरं होतं तेही लिहिलं. आणि त्याखाली लिहिलं की चार्जिंग धोक्याचं आहे, एक माणूस भाजला, किट बदलून पुरावा बनवला गेला, त्यात आमच्या ऑफिसचाही हात होता. बाजारात जाऊ देऊ नये. एक प्रत कंपनीला न जाता सरळ कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे बाजारातल्या मालावर नजर ठेवणाऱ्या सरकारी माणसांकडे, जाणार होती.

शिल्पाने ते उभ्याने वाचलं. एक शब्दही बदलायला सांगितला नाही. खाली सही केली.

"आता काकांना फोन करतेस?" तिने विचारलं.

"वैभवीला कुणी तरी समोर उभं राहून सांगायला पाहिजे. फोनवर तिला वाटेल मी बाजू घेतेय. बाबा खोटं बोलले नाहीत, हे खोटं बोलणाऱ्याच्याच तोंडून तिने ऐकलं तर ती मानेल. सान्वीचा क्लब पुढच्या आठवड्यात सुरू होतोय."

शिल्पा खिडकीशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "मी जाते. आजच. तू फोन करू नकोस, मी पोचायच्या आत त्यांना काही कळायला नको. शब्द देते."

त्या आठवड्यात तिच्या शब्दाचं काय करावं, हे मला खरंच कळत नव्हतं. मी अहवाल पाठवला आणि पुष्करला म्हटलं, चहा टाक, माझा आज उपास नाही.

चहा येईपर्यंत केबिन रिकामी झाली होती. तिची गाडी कार पार्कमध्ये तशीच होती. खिडकीतून दिसलं, कोटाची बटणं वरपर्यंत लावून, हात खिशात घालून शिल्पा रस्ता ओलांडत होती. पलीकडे मेट्रोपॉलिटन लाइनचं स्टेशन आहे. तिथून पिनरला ट्रेन बदलावी लागत नाही. स्टेशनच्या दारात ती क्षणभर थांबली. मग तिकिटाचं कार्ड टेकवून आत गेली.